पूर्वजांचा देश एक, जन्मदेश दुसरा: हृदयविकाराचा धोका मोजायचा कशाने? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

उंबरठा

स्थलांतरितांमधल्या हृदयविकाराबद्दल वाचायला घेतलं की दोनच सूर ऐकू येतात. 'रक्तातच आहे, कुठेही जा' हा एक आणि 'तिकडची राहणी अंगाला लागली' हा दुसरा. पहिला खरा मानला तर देश बदलून काहीच बदलायला नको. दुसरा खरा मानला तर तिसरी पिढी यजमान देशातल्या लोकांसारखीच निघायला हवी. आकडे दोन्ही साच्यांत बसत नाहीत.

म्हणून नेमकं विचारतो. एक, स्थलांतराबरोबर धोक्याचा कोणता भाग जातो आणि कोणता तिथे गेल्यावर तयार होतो, याचा पुरावा काय? दोन, समजा ४४ वर्षांचा पुरुष आहे, आईवडील भारतीय उपखंडातले, स्वतः युरोपात जन्मलेला, सिगारेट नाही, मधुमेह नाही. त्याची माहिती क्यूरिस्क-३, स्कोअर-२ आणि प्रिव्हेंट या, पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत सांगणाऱ्या, तिन्ही कॅल्क्युलेटरांत घातली तर तीन वेगळे आकडे येतात. मानायचा कोणता? तीन, तपासण्या कोणत्या आणि कधीपासून?

'तेलकट कमी खा, चालायला जा' एवढंच असेल तर कृपया नको. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्रयस्थ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

या विषयातला सगळ्यात सुबक पुरावा जपानी पुरुषांचा आहे. १९६५च्या सुमारास एकाच वंशाचे पुरुष तीन ठिकाणी तपासायला सुरुवात झाली: हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर. हृदयधमन्यांचा विकार जपानात सगळ्यात कमी, हवाईत त्याच्या साधारण दुप्पट आणि कॅलिफोर्नियात हवाईपेक्षाही जवळपास निम्म्याने जास्त निघाला. वंश तोच, जिना चढता. पक्षाघाताचा जिना मात्र उलटा होता, तो जपानातच जास्त. म्हणजे स्थलांतराने धोका नुसता वाढत नाही, तो एका रोगाकडून दुसऱ्या रोगाकडेही सरकतो. हा अर्धा भाग सांगायचा बहुतेक लेख विसरतात.

१९७६ साली मार्मट आणि साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी-अमेरिकनांकडे आणखी बारकाईने पाहिलं. पारंपरिक वळणाचं सामाजिक आयुष्य टिकवलेल्या गटात विकाराचं प्रमाण जपानइतकंच कमी होतं, पुरते अमेरिकन झालेल्या गटात ते तिपटी-पाचपटीने जास्त होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हिशेब करूनही फरक उरला. तो नेमका कशाचा यावर वाद संपलेला नाही, आणि हे एका वेळच्या पाहणीतले आकडे आहेत हेही ध्यानात ठेवावं. पण 'सगळं जनुकात' हा सूर इथेच फाटतो.

आता उलट बाजू. लंडनमध्ये मॅकीग आणि सहकाऱ्यांनी ४० ते ६९ वयाचे ३,१९३ पुरुष आणि ५६१ स्त्रिया तपासल्या (१९९१). दक्षिण आशियाई गटात मधुमेह १९ टक्के, युरोपीय गटात ४ टक्के. धूम्रपान किंवा एकूण कोलेस्टेरॉल यांनी हृदयविकारातला फरक उलगडत नव्हता. तेवढ्याच बीएमआयला पोटावरची चरबी जास्त, इन्सुलिन जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी, असा तो संच होता.

तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारा अभ्यास मात्र १९९५चा आहे. पश्चिम लंडनमधले पंजाबी स्थलांतरित आणि पंजाबातच राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची तुलना केली गेली. वजन आणि कोलेस्टेरॉल लंडनच्या भावंडात जास्त. एलपी(ए) हा रक्तातला घटक मात्र दोघांत सारखा, आणि दोघांतही युरोपीय लोकांपेक्षा जास्त. एलपी(ए) जवळजवळ पूर्णपणे जनुकावर ठरतो, त्याला विमानप्रवासाने फरक पडत नाही. काय बरोबर जातं आणि काय तिथे मिळतं, हे एकाच तक्त्यात दिसतं. बरोबर गेलेल्यावर तिथे मिळालेलं चढतं, आणि खरा घात या बेरजेत आहे.

हे चढणं किती लवकर होतं? केनियात ल्युओ लोक गावातून नैरोबीला गेले, देशही बदलला नाही, तरी काही महिन्यांतच रक्तदाब वर सरकला. लघवीतलं सोडियमचं पोटॅशियमशी प्रमाण वाढलेलं होतं. तेव्हा 'दहा-वीस वर्षांनी बघू' हे रक्तदाबाच्या बाबतीत तरी चालत नाही.

आणि पिढ्या उलटल्या की फरक आपोआप मिटतो, हेही गृहीत धरू नये. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या आयरिश वंशाच्या दुसऱ्या पिढीचा एकूण मृत्युदर यजमान लोकसंख्येपेक्षा जास्तच राहिल्याचं १९९६ साली दाखवलं गेलं. रंग, भाषा दोन्ही जवळची, तरीही.

ठोकताळा

त्रयस्थ यांच्याशी सहमत. एक भर: पहिल्या पिढीचे आकडे बऱ्याचदा फसवे चांगले दिसतात. निघून जाणारे मुळात धडधाकट असतात, शिवाय व्हिसाच्या वैद्यकीय चाचणीत चाळले जातात. म्हातारपणी आजारी पडून काही जण मायदेशी परततात, त्यांचा मृत्यू यजमान देशाच्या नोंदीत येतच नाही. 'पहिली पिढी ठणठणीत, मुलं बिघडली' या वाक्यातला काही भाग या गाळणीचा असतो.

आता कॅल्क्युलेटर. तीन आकडे वेगळे येतात यात नवल नाही, कारण तिघं एकच गोष्ट मोजत नाहीत.

क्यूरिस्क-३ ब्रिटनचा, वय २५ ते ८४. तो वंश विचारतो: भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, इतर आशियाई, कृष्णवर्णीय कॅरिबियन, कृष्णवर्णीय आफ्रिकी, चिनी वगैरे. शिवाय पोस्टकोडवरून वस्तीची सांपत्तिक स्थिती धरतो. इथली मोठी चूक म्हणजे वंशाचा रकाना रिकामा सोडणं. पहिला पर्याय 'श्वेतवर्णीय किंवा सांगितलेलं नाही' असा एकत्र आहे. रकाना सोडला की माणूस गुपचूप श्वेतवर्णीय धरला जातो आणि आकडा खाली येतो. मिश्र वंशाच्या संततीसाठी स्वतंत्र रकानाच नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकेकदा चालवून मधल्या पट्ट्यात विचार करावा.

स्कोअर-२ युरोपचा, ४० ते ६९ साठी. तो वंश विचारतच नाही, राहता देश विचारतो. देशांचे चार गट आहेत: फ्रान्स आणि ब्रिटन कमी धोक्यात, जर्मनी आणि स्वीडन मध्यम धोक्यात. म्हणजे माणूस कुठून आला याला शून्य किंमत, राहतो कुठे याला सगळी. म्हणूनच २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी गुणक सुचवले आहेत: भारतीय आणि बांगलादेशी १.३, पाकिस्तानी १.७, इतर आशियाई १.१, कॅरिबियन ०.८५, कृष्णवर्णीय आफ्रिकी आणि चिनी ०.७. स्कोअर-२ मध्ये ५ टक्के आला आणि तुमच्या उदाहरणातला माणूस मूळचा भारतीय किंवा बांगलादेशी असेल तर ६.५ धरायचा, पाकिस्तानी असेल तर ८.५.

हे गुणक क्यूरिस्कवरूनच काढलेले आहेत. त्यामुळे क्यूरिस्कच्या उत्तराला पुन्हा १.३ ने गुणणं म्हणजे एकाच घोड्याला दोनदा चाबूक. ही चूक चांगले चांगले करतात.

प्रिव्हेंट अमेरिकेचा (२०२३), ३० ते ७९ साठी. वंश मुद्दाम वगळला आहे, मूत्रपिंडाचं कार्य घेतलं आहे आणि हृदय निकामी होण्याचा धोकाही वेगळा देतो. २०१३च्या जुन्या अमेरिकी सूत्रापेक्षा याचे आकडे सरासरीने जवळपास निम्मे येतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' म्हणू नका. दक्षिण आशियाई वंश ही बाब अमेरिकेत २०१८च्या कोलेस्टेरॉल तत्त्वांनी 'धोका वाढवणारा घटक' म्हणून नोंदली आहे. ती सूत्रात नाही, डॉक्टरने वरून धरायची आहे. धरली नाही तर कुठेच मोजली जात नाही.

कृतीच्या रेषाही वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये क्यूरिस्क १० टक्के आला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) देऊ करतात. स्कोअर-२ मध्ये पन्नाशीच्या आत २.५ टक्क्यांपासूनच 'जास्त धोका' सुरू होतो. आकडा एका कॅल्क्युलेटरचा आणि रेषा दुसऱ्याची, असं करू नये. राहत्या देशाचा कॅल्क्युलेटर, त्याच देशाची रेषा, आणि वंशाची दुरुस्ती एकदाच.

आणि ४४ व्या वर्षी दहा वर्षांचा धोका जवळजवळ सगळा वयावर ठरतो. इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय ५३ होतं, इतर देशांत ५८.८. तेव्हा या वयाला प्रिव्हेंटचा ३० वर्षांचा आकडा (तो ३० ते ५९ वयालाच मिळतो) किंवा क्यूरिस्कचं 'हृदयाचं वय' जास्त बोलकं.

दीडशहाणा

कॅल्क्युलेटरचा सगळ्यात कच्चा दुवा सूत्रात नाही, 'घरात कुणाला होतं का?' या रकान्यात आहे. आईवडील दुसऱ्या देशात वारले, शवविच्छेदन नाही, कागद नाही. 'झोपेतच गेले', 'अॅसिडिटी झाली आणि गेले', 'साखर होती' एवढंच पुढच्या पिढीपर्यंत पोचतं, आणि रकान्यात 'नाही' भरलं जातं. माहीत नाही आणि नाही यांत फरक आहे, सॉफ्टवेअरला तो कळत नाही.

विचारायचं ते असं: कोण, किती वयाला, किती वेळात गेलं, आधी छातीचं किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन, रोज गोळी, बोलण्यात अडथळा असं काही होतं का. क्यूरिस्क सख्ख्या नात्यात साठीच्या आतला विकार धरतो, अमेरिकी तत्त्वं पुरुष ५५ आणि स्त्री ६५ च्या आत. पन्नाशीतला अचानक मृत्यू, कारण अज्ञात असला तरी, डॉक्टरांना सांगावाच.

उंबरठा

गुणक दोनदा लावायचा नाही, हे पटलं. आता तपासण्या. शिवाय कुटुंब दोन देशांत विभागलेलं असलं की रिपोर्टांची एककं जुळत नाहीत, त्याचं काय करायचं?

नाडीपरीक्षा

एककांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच.

कोलेस्टेरॉल (एकूण, एलडीएल म्हणजे वाईट आणि एचडीएल म्हणजे चांगलं) मिलिमोलमध्ये असेल तर ३८.६७ ने गुणा, मिलिग्रॅम मिळतात. ट्रायग्लिसराइडला गुणक वेगळा, ८८.५७. लोक सगळ्यांना एकच गुणक लावतात. ट्रायग्लिसराइड २.३ मिलिमोल म्हणजे खरे २०४ मिलिग्रॅम, चुकीच्या गुणकाने ८९ दिसतात आणि नेमका दक्षिण आशियाई संचातला मुख्य दोष 'नॉर्मल' होऊन बसतो. साखरेला १८. एचबीएवनसीला (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) नुसता गुणक चालत नाही: टक्क्यांतून २.१५ वजा करून १०.९३ ने गुणा. ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल प्रति मोल, ५.७ टक्के म्हणजे ३९.

एलपी(ए)ला तर रूपांतरच नाही. काही प्रयोगशाळा वस्तुमानात देतात, काही नॅनोमोलमध्ये, आणि प्रत्येक माणसात कणाचा आकार वेगळा असल्याने ठरावीक गुणक बसत नाही. उंबरे मात्र ठरलेले आहेत: ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोल. ब्रिटनच्या बायोबँकेत मध्यवर्ती पातळ्या कृष्णवर्णीयांत ७५, दक्षिण आशियाईंत ३१, श्वेतवर्णीयांत १९ आणि चिनी लोकांत १६ नॅनोमोल होत्या. आता गंमत बघा: पातळी कृष्णवर्णीयांत सगळ्यात जास्त, पण ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांत हृदयधमन्यांचा विकार त्या मानाने कमी, रक्तदाब आणि पक्षाघात जास्त. एका घटकावरून अख्ख्या समूहाचं भविष्य सांगणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

बाकी तपासण्या महागड्या नाहीत. लिपिड प्रोफाइल उपाशीपोटी असायलाच हवी असं नाही, ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर आले तरच उपाशीपोटी पुन्हा करा, कारण त्यापुढे नेहमीच्या सूत्राने काढलेला एलडीएल विश्वासाचा राहत नाही. रिपोर्टवर नुसता एलडीएल पाहू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, तो आकडा या संचात जास्त खरं सांगतो. शक्य असेल तर अपो-बी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन). १३० मिलिग्रॅम किंवा वर असेल तर धोका वाढलेला.

एचबीएवनसीवर डोळे मिटून विसंबू नका. थॅलेसेमियाचे वाहक, सिकल पेशींचे वाहक, जी-६-पीडी या लाल पेशींतल्या विकराची कमतरता हे सगळं ज्या भूभागांत जास्त आहे तिथूनच बरेच स्थलांतरित आलेले असतात, आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरतं. जी-६-पीडीच्या कमतरतेत लाल पेशींचं आयुष्य कमी, म्हणून आकडा खोटा कमी येतो. लोहाची कमतरता उलट तो खोटा वाढवते. हिमोग्लोबिन किंवा लाल पेशींचा आकार विचित्र दिसला तर उपाशीपोटीची साखर (१२६ मिलिग्रॅम आणि वर म्हणजे मधुमेह) किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची (२०० आणि वर) बघावी.

वजनाचे उंबरेही जन्मदेशावर नाहीत, वंशावर आहेत. आशियाई वंशासाठी बीएमआय २३ आणि २७.५ या रेषा आहेत, २५ आणि ३० नव्हे. इंग्लंडमधल्या २०२१च्या मोठ्या विश्लेषणात श्वेतवर्णीयांना ३० बीएमआयला मधुमेहाचा जितका धोका, तितका दक्षिण आशियाईंना २३.९ ला, अरबांना २६.६ ला, चिनी लोकांना २६.९ ला आणि कृष्णवर्णीयांना २८.१ ला दिसला. कंबर बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडल्यावर. दक्षिण आशियाई पुरुष ९०, स्त्री ८० सेंटिमीटर. पट्ट्यावर मोजल्याने काही सेंटिमीटर 'वाचतात', आणि तेवढ्यावर निकाल फिरतो.

धोका मधल्या पट्ट्यात आला आणि स्टॅटिनबद्दल मन ठरत नसेल तर हृदयधमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी. शंभर किंवा वर असेल तर गोळीच्या बाजूने कौल. शून्य असेल तर सहसा थांबता येतं, पण मधुमेह, धूम्रपान किंवा घरातला कमी वयाचा विकार असेल तर शून्यावर निर्धास्त राहू नये. तरुण वयात धमनीच्या भिंतीतला चरबीचा साका मऊ असतो, त्यात कॅल्शियम उतरलेलं नसतं. वयानुसार टक्केवारी सांगणारा प्रचलित अमेरिकी तक्ता श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी अशा चारच गटांवर बेतलेला आहे. दक्षिण आशियाईंसाठी २०१० साली मसाला नावाचा वेगळा अभ्यास सुरू झाला. त्यात पुरुषांचं कॅल्शियम श्वेतवर्णीय पुरुषांच्या जवळपास आढळलं. त्यामुळे चारांतला एक निवडायचाच असेल तर तो गट घ्यावा, चिनी नव्हे. 'आशियाई' या शब्दाने दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात, तिथे घोळ होतो.

त्रयस्थ

औषधांबद्दल एक राहिलं. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी आशियाई वंशाच्या लोकांत साधारण दुप्पट जाते, म्हणून अमेरिकी लेबलवर सुरुवात ५ मिलिग्रॅमने करा असं छापलेलं आहे आणि ब्रिटनमध्ये या गटाला ४० मिलिग्रॅम वर्ज्य आहे. इथे जन्म कुठे झाला हे गैरलागू. स्नायू दुखले म्हणून 'मला स्टॅटिन सोसत नाही' असा शिक्का बसण्याआधी मात्रा तपासा.

स्टेंटनंतरच्या क्लोपिडोग्रेल या गुठळी टाळणाऱ्या गोळीचंही तसंच. ते यकृतातल्या एका विकराने सक्रिय होतं, त्या विकराची दुबळी आवृत्ती आशियाई वंशांत बरीच आढळते. २०१० पासून अमेरिकी लेबलवर चौकटीत इशारा आहे. पर्याय आहेत, विचारायला हरकत नाही, स्वतःहून गोळी थांबवायला मात्र आहे. स्टेंटनंतर अशी थांबवलेली गोळी जिवावर बेतते.

पाणपोई

अख्खा धागा ब्लॉकेजवर चाललाय. स्थलांतरितांचा हृदयविकार तेवढाच नाही.

संधिवाती तापाने आकसलेली झडप घेऊन आलेल्या स्त्रियांचं निदान यजमान देशात बऱ्याचदा गरोदरपणातच होतं. रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, अरुंद झडपेतून ते निघत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. ज्या देशात हा रोग जवळजवळ संपला आहे तिथला तरुण डॉक्टर त्याला दमा समजू शकतो. दम लागणं, आडवं झाल्यावर खोकला, लहानपणी सांधे सुजल्याचा इतिहास असेल तर इको मागावा. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायची पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू असतील तर देश बदलताना त्यांचा लेखी कागद बरोबर हवा, साखळी तिथेच तुटते. आणि मध्यम-तीव्र आकसलेल्या झडपेबरोबर हृदयाचे ठोके अनियमित असतील तर नवी रक्त पातळ करणारी गोळी नको, वॉरफरिनच: २०२२च्या चाचणीत रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीचे निकाल वाईट आले.

लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांत चागास हा परजीवीचा रोग. परजीवी वीस-तीस वर्षं गप्प बसतो, बाधितांपैकी २० ते ३० टक्क्यांचं हृदय खराब करतो. ईसीजीत हृदयातल्या विद्युतवाहिनीच्या उजव्या शाखेचा अडथळा आणि डाव्या शाखेच्या पुढच्या फांदीचा अडथळा एकत्र दिसले आणि माणूस त्या भागातला असेल तर रक्ताच्या दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्या करा, एकीवर निदान ठरत नाही. तो देश कधीही न पाहिलेल्या मुलालाही आईकडून गर्भात होऊ शकतो. नवजाताला औषध दिलं तर जवळजवळ नक्की बरा होतो. आईला गरोदर राहण्याआधी दिलं तर बाळाकडे जाणंच टळतं. गरोदरपणात ते औषध देत नाहीत. उशीर होऊन हृदय फुगल्यावर मात्र २०१५च्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही.

उंबरठा

हे डोक्यातही नव्हतं. शेवटचं: तिथेच जन्मलेल्या मुलांचं आणि तरुण स्त्रियांचं काय? पंचविशीआधी एकही कॅल्क्युलेटर काही बोलत नाही, स्कोअर-२ तर चाळिशीआधीही नाही.

नाडीपरीक्षा

मुलांत शोधायचं मुख्यतः एकच, घराण्यातून येणारं जास्त कोलेस्टेरॉल. एलडीएल दोनदा १९० मिलिग्रॅमच्या वर, किंवा घरात लवकरच्या विकाराचा इतिहास असताना १६० च्या वर, म्हणजे तज्ज्ञाकडे. अमेरिकेत ९ ते ११ आणि पुन्हा १७ ते २१ वयात प्रत्येकाची एकदा तपासणी सुचवली आहे. घरात इतिहास असेल तर दुसऱ्या वर्षापासून. स्टॅटिन साधारण ८ ते १० वर्षांपासून देता येतात. एकात सापडलं की भावंडं, आईवडील आणि दुसऱ्या देशातले काका-मामा-आत्या-मावश्या सगळ्यांना कळवायचं, कारण सख्ख्या नात्यात प्रत्येकाला अर्धी शक्यता. एका देशाचा दवाखाना दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाला पत्र पाठवत नाही, ते काम घरच्यांचंच.

तरुण स्त्रियांत गरोदरपण हीच चाचणी. गरोदरपणातला मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर 'गेला' म्हणून फाइल बंद होते. ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची ग्लुकोज चाचणी, मग दर एक ते तीन वर्षांनी साखर, आणि दर वर्षी रक्तदाब. हृदयाच्या डॉक्टरकडे वीस वर्षांनी गेलात तरी ही नोंद सांगायची, ते बहुधा विचारणार नाहीत.

एलपी(ए) प्रौढपणी एकदाच, पुन्हा नको. रिपोर्ट मात्र जपून ठेवा, आणि फोटो काढताना एककाचा रकाना कापला जाणार नाही एवढं बघा.